भौतिकशास्त्रातली मानाची पदकं : शाळेच्या व्हरांड्यात कुणाकुणाला लावू?

खानापूरचा_मास्तर | ११ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला, मराठी माध्यमाच्या हायस्कुलात गणित-विज्ञान शिकवतो. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन दरवर्षी निबंध, रांगोळी आणि खायच्या सोड्याचा ज्वालामुखी यांवर उरकला जातो. यंदा व्हरांड्याच्या भिंतीवर फलक लावायचं ठरवलंय. विषय : भौतिकशास्त्रातले मोठे पुरस्कार आणि ते ज्यांना मिळाले ती माणसं. आठ फलक मावतील, नववा कोंबून.

यादी करायला बसलो तर सगळं नोबेलच निघालं. रामन १९३०, चंद्रशेखर १९८३, मारी क्युरी १९०३, आइन्स्टाइन. पुढं गाडी सरकेना. त्यात नववीतल्या एका पोरीनं विचारलं, "सर, ह्यातलं आमच्या भागातलं कोण?" रामन बंगळुरात राहायचे म्हणून सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं, बंगळूर तिला दिल्लीइतकंच लांब.

तर नोबेल सोडून कोणते पुरस्कार दाखवण्यासारखे आहेत, आणि आपल्या टापूतलं कुणी आहे का, एवढं सांगा. फलक मराठी आणि कन्नड दोन्हींत करणार आहे. कन्नड मजकूर शेजारच्या शाळेतले सर लिहून देतो म्हणालेत. त्यामुळं भाषेच्या वादासाठी हा धागा वापरू नये ही विनंती.

---

टिळकवाडीकर | ११ जानेवारी, रात्री १०:२५

मास्तर, विषय उत्तम. हयात पीयूसीला (अकरावी-बारावीला) फिजिक्स शिकवण्यात गेली, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

सुरुवात नोबेलपासून करूच नका. नोबेल १९०१ पासूनचं. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक १७३१ पासून दिलं जातंय. म्हणजे थोरल्या बाजीरावाच्या काळातलं. आणि पहिलं कुणाला मिळालं? स्टीफन ग्रे नावाच्या माणसाला. व्यवसायानं रंगारी! कापड रंगवणारा. म्हातारपणी धर्मादाय आश्रमात राहून विजेचे प्रयोग करत होता. घासलेल्या काचनळीतली वीज सुतळीवरून लांबपर्यंत जाते, रेशमी दोऱ्यावरून जात नाही, हे त्यानं दाखवलं. विद्युतवाहक आणि विसंवाहक हा जो धडा तुम्ही शिकवता त्याचा हा आद्य पुरुष. एका पोराला रेशमी दोऱ्यांनी आडवा टांगून त्याच्या अंगात वीज सोडायचा, आणि त्या पोराकडे पिसं, पितळी वर्खाचे तुकडे उडत येऊन चिकटायचे. हा फलक लावा, पोरं हलणार नाहीत तिथून. (प्रयोग मात्र करू देऊ नका!)

तेच पदक पुढं फ्रँकलिनला १७५३ मध्ये, आइन्स्टाइनला १९२५ मध्ये आणि आपल्या चंद्रशेखरांना १९८४ मध्ये मिळालं.

आइन्स्टाइनच्या फलकावर सापेक्षतेसाठी नोबेल असं लिहू नका. तसं लिहिलेले तक्ते मी शाळाशाळांतून पाहिलेत. १९२१ चा पुरस्कार १९२२ मध्ये जाहीर झाला, आणि त्यात नाव घेतलं ते प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमाचं. सापेक्षतेवर नोबेल समितीचं एकमत होत नव्हतं.

---

व्हीटीयू_बॅकबेंचर | ११ जानेवारी, रात्री १०:५२

बाजीरावाच्या काळातलं पदक हे लय भारी. वाचतोय.

आमच्या युनिव्हर्सिटीच्या पदवीदानात एकेका टॉपरच्या गळ्यात दहा-बारा सुवर्णपदकं बघितल्यापासून पदक म्हटलं की मला मान दुखायची भीती वाटते. (मला एकही नाही, हे आयडीवरून कळलं असेलच.)

---

सोनारगल्ली_शहापूर | १२ जानेवारी, सकाळी ८:०५

मास्तर, एक गोष्ट आमच्या धंद्यातली सांगतो, फलकाला उपयोगी पडेल.

१९४० साली जर्मनीनं डेन्मार्क घेतलं. कोपनहेगनमध्ये नील्स बोर यांच्या संस्थेत दोन नोबेल पदकं ठेवायला दिली होती, माक्स फॉन लाउए (१९१४) आणि जेम्स फ्रँक (१९२५) यांची. हिटलरच्या राज्यात सोनं देशाबाहेर पाठवणं हा गुन्हा, आणि पदकांवर नावं कोरलेली. सापडली असती तर लाउए जर्मनीतच होते, त्यांचं काही खरं नव्हतं. संस्थेत हेवेशी नावाचे रसायनतज्ज्ञ होते. पुरून ठेवू म्हणाले, बोर नको म्हणाले. मग हेवेशींनी दोन्ही पदकं आम्लराजात विरघळवून टाकली. जर्मन शिपायांनी झडती घेतली, खरं फळीवरच्या बाटलीकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. लढाई संपल्यावर बाटली तिथंच. त्यातलं सोनं परत काढलं आणि नोबेलवाल्यांनी त्याच सोन्याची पदकं पुन्हा पाडून दिली.

आता हे कसं शक्य आहे ते आम्हाला विचारा. नुसत्या तेजाबात (नायट्रिकमध्ये) चांदी विरघळते, सोनं नाही. त्यात तिप्पट मिठाचं आम्ल घातलं की सोनंही जातं, नारिंगी-पिवळं पाणी होतं. परत काढायला त्यात हिराकस (लोखंडाचं सल्फेट) टाकायचा, सोनं तपकिरी भुकटी होऊन तळाला बसतं. दिसायला मातीच. धुऊन मुशीत घालून तापवलं की पिवळंधमक. आमच्या आज्याच्या काळापासून हेच.

आणि नोबेल पदक शंभर नंबरी नसतं हो. १९८० पर्यंत २३ कॅरेटचं होतं, आता १८ कॅरेटचं करून वर २४ कॅरेटचा मुलामा. वजन साधारण १७५ ग्रॅम, म्हणजे साडेसतरा तोळे, त्यात शुद्ध सोनं तेरा तोळ्यांच्या आसपास.

---

टिळकवाडीकर | १२ जानेवारी, सकाळी ८:४०

व्वा! आम्लराज दहावीला आयुष्यभर नुसता पाठ करून घेतला जातो. हिराकसाची गोष्ट एकाही पुस्तकात या पद्धतीनं नाही.

---

तिरकस | १२ जानेवारी, दुपारी १:१५

मला एक कळत नाही. ज्या शाळेत साधा सोडियम दिवा नाही, तिथं स्टॉकहोमच्या पदकांचे फोटो लावून काय साधणार? पोरांच्या डोक्यात एवढंच जाईल की विज्ञान म्हणजे कुणीतरी गोरा म्हातारा, गळ्यात पदक. त्यापेक्षा ते पैसे भिंगं आणि लोहचुंबक आणायला घाला.

आणि पुरस्कार मुळात किती न्याय्य असतात? रामन यांच्या प्रयोगात (पदार्थातून विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग बदलतो, तो रामन परिणाम) के. एस. कृष्णन बरोबरीनं राबले. नोबेल एकट्या रामनना. मॉस्कोत लांड्सबेर्ग आणि मांडेलश्टाम यांना स्फटिकांत हाच परिणाम त्याच महिन्यात दिसला, छापायला उशीर झाला, बसले हात चोळत. सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावानं अर्ध्या विश्वातले कण ओळखले जातात, त्यांना नोबेल नाही. १९९५ मध्ये प्रयोगशाळेत बोस-आइन्स्टाइन संघनन (अतिथंडीत अणू एकजीव होऊन वागतात ती अवस्था) करून दाखवणाऱ्या तिघांना २००१ मध्ये मिळालं. ह्या भिंतीवर बोस कुठं बसणार, सांगा.

---

घटप्रभा | १२ जानेवारी, रात्री ९:३०

तिरकस, बोस यांच्याबद्दल एक भर. त्यांची नामांकनं झाली होती, १९५० च्या दशकात आणि १९६२ मध्ये. नोबेलची कागदपत्रं ५० वर्षांनी खुली होतात, त्यामुळे हे आता सगळ्यांना वाचता येतं. समितीसाठी ओस्कर क्लाइन यांनी काम तपासलं आणि ते नोबेलच्या तोडीचं नाही असा अभिप्राय दिला. क्लाइन स्वतः मोठे भौतिकतज्ज्ञ, त्यामुळे अडाणीपणाचा आरोप करता येत नाही. म्हणूनच जास्त टोचतं.

पण तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी स्वतः चिकोडीजवळच्या खेड्यातून येऊन सध्या बंगळुरात पीएचडी करतेय. आमच्या शाळेच्या भिंतीवर देशभक्तांच्या तसबिरी होत्या आणि सुविचार होते. विज्ञानातली एक बाई जरी असती तर मला भौतिकशास्त्र घ्यायला घरी इतकं भांडावं लागलं नसतं, असं नाही म्हणत मी, पण भांडताना बोट दाखवायला कुणीतरी असतं.

मास्तर, क्युरी लावाच, पण त्यांच्यापाशी थांबू नका. भौतिकीचं नोबेल आजवर सव्वादोनशेच्या वर लोकांना मिळालं, त्यात बायका पाच. क्युरी १९०३, गोपर्ट-मायर १९६३, मग तब्बल ५५ वर्षांची सुट्टी, डोना स्ट्रिकलँड २०१८, अँड्रिया गेझ २०२०, आन लुइलिए २०२३. आणि ज्यांना मिळालं नाही त्यांची रांग तितकीच वजनदार आहे.

जोसलिन बेल बर्नेल यांचा फलक कराच. उत्तर आयर्लंडमधली मुलगी, अकराव्या वर्षी शाळेची निवड-परीक्षा नापास झालेली. १९६७ मध्ये केंब्रिजला पीएचडी करताना रेडिओ दुर्बिणीचा रोज सुमारे शंभर फूट कागद डोळ्यांनी तपासायची. त्यात तिला जेमतेम अर्धा सेंटीमीटर जागेत एक वेडीवाकडी खूण दिसली. ती दुर्लक्ष करण्यासारखीच होती. तिनं पिच्छा सोडला नाही. निघाला पहिला स्पंदक, पल्सार, दर १.३३ सेकंदाला एक ठोका देणारा तारा. १९७४ चं नोबेल तिच्या मार्गदर्शकांना, ह्युइश यांना मिळालं (जोडीला राइल). ती यादीत नाही.

पुढं २०१८ मध्ये तिला विशेष ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला, ३० लाख डॉलर. सगळे पैसे तिनं भौतिकशास्त्रात कमी संख्येनं येणाऱ्या गटांतल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला देऊन टाकले. २०२१ मध्ये कॉप्ली. हो, वर टिळकवाडीकर सरांनी सांगितलं तेच, रंगाऱ्याचं पदक.

चिएन-शिउंग वू यांचंही तसंच. १९५६-५७ मध्ये कोबाल्टवरच्या प्रयोगातून त्यांनी दाखवलं की निसर्ग डावं-उजवं एकसारखं मानत नाही. १९५७ चं नोबेल ज्यांनी ती शक्यता कागदावर मांडली त्या ली आणि यांग यांना. १९७८ मध्ये वुल्फ पुरस्कार सुरू झाला तेव्हा भौतिकीतला पहिला वू यांना दिला.

---

तिरकस | १२ जानेवारी, रात्री १०:०२

बाई, बेलवाला फलक मान्य. एक.

---

कुरुंदवाडचा_पाहुणा | १३ जानेवारी, सकाळी ७:२०

मास्तर, तुमच्या नववीतल्या पोरीला उत्तर आहे. आणि ते घटप्रभाताईंच्या पल्सारलाच जोडलेलं आहे.

श्रीनिवास कुलकर्णी. जन्म १९५६, आमच्या कुरुंदवाडचा. नरसोबाच्या वाडीच्या पलीकडं, पंचगंगेच्या काठावर. वाढले, शिकले हुबळीत. म्हणजे बेळगाव बरोबर मधे येतं बघा! पुढं आयआयटी दिल्ली, मग अमेरिकेत बर्कलीला पीएचडी. तिथं विद्यार्थी असतानाच, १९८२ मध्ये, डोनाल्ड बॅकर यांच्याबरोबर पहिला मिलिसेकंद पल्सार शोधला. बेलबाईंचा पल्सार सव्वा-दीड सेकंदात एक फेरी घेतो. हा एका सेकंदात ६४२ फेऱ्या. अख्खा तारा, आपल्या सूर्यापेक्षा जड, आणि मिक्सरच्या पात्यापेक्षा जोरात फिरतोय.

१९९५ मध्ये तपकिरी बटूचा (तारा होता होता राहिलेल्या गोळ्याचा) पहिला पक्का पुरावा देणाऱ्या गटात ते होते. आता कॅलटेकला. २०१७ मध्ये डॅन डेव्हिड पुरस्कार, २०२४ मध्ये खगोलशास्त्राचा शॉ पुरस्कार. शॉ म्हणजे हाँगकाँगचा, १२ लाख डॉलरचा.

लोक त्यांना सुधा मूर्ती यांचे भाऊ म्हणून ओळखतात. आमच्याकडं उलटं.

---

खानापूरचा_मास्तर | १३ जानेवारी, दुपारी ४:५०

शाळा सुटल्यावर वाचतोय. पाहुणे, हा फलक सगळ्यात आधी. कुरुंदवाडला आमच्या गावातल्या दोन सुना आहेत, पोरीला ते गाव माहीत असणार.

तिरकस, भिंगं आणि चुंबक आहेत शाळेत. फलकांचा खर्च कार्डशीट आणि स्केचपेनांचा, पोरंच लिहिणार आहेत. फ्लेक्स लावणार नाही.

---

चंदगडी_बाबू | १३ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

नारळीकर कुणी काढलेच नाहीत अजून? कोल्हापुरात जन्म (१९३८). केंब्रिजला टायसन पदक १९६०, स्मिथ पुरस्कार १९६२, अॅडम्स पुरस्कार १९६७. विज्ञान लोकांपर्यंत नेल्याबद्दल १९९६ मध्ये युनेस्कोचा कलिंग पुरस्कार. पद्मविभूषण २००४. साहित्य अकादमी २०१४, आत्मचरित्राला. २०२५ च्या मे महिन्यात गेले, आणि त्याच वर्षी देशाचा सगळ्यात मोठा विज्ञान पुरस्कार, 'विज्ञान रत्न', मरणोत्तर जाहीर झाला.

पोरांसाठी आमच्याकडं सीमेच्या ह्या बाजूला डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, सहावी आणि नववीला. मुंबईचं विज्ञान अध्यापक मंडळ घेतं. लेखी, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. सोनं-चांदी-कांस्य पदकं देतात. आमच्या पोरीनं लेखी पार केली, प्रात्यक्षिकाला गेली तर तिथं पहिल्यांदा व्हर्नियर कॅलिपर हातात. तरी आवडलं म्हणे.

---

टिळकवाडीकर | १३ जानेवारी, रात्री ९:१०

चंदगडकर, नारळीकरांचा मान मोठाच. फलकावर मात्र पदकांची जंत्री देऊ नका, एकच काम घ्या : हॉइल यांच्याबरोबर मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त. आणि हेही लिहा की विश्व सतत सारखंच असतं हे त्यांच्या गटाचं मत बहुतेक शास्त्रज्ञांनी पुढं स्वीकारलं नाही, तरी ते आपल्या शंका अखेरपर्यंत मांडत राहिले. पोरांना कळू दे की मोठ्या पदकाचा माणूससुद्धा अल्पमतात असू शकतो. शिवाय पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली, ती वेगळीच कमाई.

जाता जाता : आपल्या गोकाक तालुक्यातल्या ममदापूरचे डी. सी. पावटे केंब्रिजचे रँग्लर (तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेले). गणितातले, त्यामुळे तुमच्या भिंतीवर बसत नाहीत. पुढं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरू झाले. गणित दिनाला लक्षात ठेवा.

भारतातलं एक पदक हवंच, ते म्हणजे शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचा, ४५ वर्षांखालच्यांसाठी. १९५८ मध्ये पहिला कुणाला? तिरकसांच्या के. एस. कृष्णन यांना. (वयाचा नियम तेव्हा असा नव्हता, ते साठीला टेकले होते.) आता तो नव्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत 'विज्ञान युवा' नावाखाली सामावलाय. रामनच्या फलकाला लागून कृष्णन लावा.

---

निपाणीची_अक्का | १४ जानेवारी, सकाळी ११:३०

सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा, तिळगूळ घ्या.

माझा प्रश्न वेगळा आहे. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, आता पीयूसी फर्स्ट इयर सायन्स. फिजिक्सची गोडी आहे. तिच्या क्लासमध्ये नीट आणि सीईटीशिवाय बोलणंच नाही. ते फिजिक्स ऑलिंपियाडचं पदक काय असतं? आपल्यासारख्यांच्या मुलांना त्यात उतरता येतं की ते राजस्थानातल्या कोटा शहरात क्लास लावणाऱ्यांचंच?

---

टिळकवाडीकर | १४ जानेवारी, दुपारी ३:००

अक्का, उतरता येतं. नीट समजून घ्या.

पहिली पायरी एनएसईपी. भौतिकशास्त्र शिक्षकांची आयएपीटी नावाची संघटना ती घेते, साधारण नोव्हेंबरच्या अखेरीस. नावनोंदणी त्याआधी दोन-तीन महिने, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास. अकरावी-बारावीची, म्हणजे आपल्या पीयूसीच्या दोन्ही वर्षांची मुलं बसू शकतात. यंदाची गेली. ऑगस्टमध्ये कॉलेजच्या फिजिक्स विभागात जाऊन जवळचं केंद्र कुठलं ते विचारा, आणि कुणी "कशाला ते" म्हटलं तर तिथंच ठाण मांडा. दहावीपर्यंतच्या मुलांसाठी वेगळी ज्युनियर सायन्सची परीक्षा आहे, मास्तरांनी ती बघावी.

त्यातून निवडलेले पुढच्या, आयएनपीएचओ नावाच्या परीक्षेला. ती फक्त सोडवून दाखवायच्या प्रश्नांची, पर्याय नसलेली. त्यातून निवडक मुलं मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या शिबिराला. शेवटी पाच जणांचा भारताचा संघ. भारत १९९८ पासून भाग घेतोय, २०१५ ची स्पर्धा मुंबईत झाली, आणि २०१८ मध्ये लिस्बनला आपल्या पाचही पोरांना सुवर्ण मिळालं.

सुवर्ण म्हणजे पहिला नंबर नव्हे, हे महत्त्वाचं. सगळ्या देशांतल्या मुलांपैकी वरच्या ८ टक्क्यांना सुवर्ण, पुढच्या १७ टक्क्यांना रौप्य, त्यापुढच्या २५ टक्क्यांना कांस्य. म्हणजे निम्मी मुलं पदक घेऊन जातात. पाच तास लेखी, पाच तास प्रयोग, गुण ३० आणि २०. आपली मुलं प्रयोगात मागं पडतात, कारण प्रयोगाचं जर्नल आधी लिहितात आणि प्रयोग नंतर बघतात. बघतात म्हणजे खरंच नुसतं बघतात.

संघात जाणं अवघड आहे, खोटं कशाला सांगू. खरं एनएसईपीचा पेपर दोन महिने मन लावून सोडवलेल्या पोरीचं पीयूसीचं फिजिक्स आपोआप पक्कं होतं.

---

निपाणीची_अक्का | १४ जानेवारी, दुपारी ३:२०

सर, खूप आभार. ऑगस्टची तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहिली.

---

व्हीटीयू_बॅकबेंचर | १४ जानेवारी, रात्री ११:१०

२०२४ चं नोबेल कुणी का काढत नाही? हॉपफील्ड आणि हिंटन, न्यूरल नेटवर्कसाठी. मी दिवसभर कंपनीत जे मॉडेल पळवतो त्याच्या मुळाला भौतिकशास्त्राचं नोबेल! आमच्या ऑफिसात फिजिक्सवाले चिडले होते, हे कसलं भौतिकशास्त्र म्हणून. आम्ही पेढे वाटले.

दुसरं म्हणजे एका नोबेलमध्ये जास्तीत जास्त तीन नावं, हा नियम आता हास्यास्पद वाटत नाही का? गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या पेपरवर हजारावर नावं. २०१७ चं नोबेल वाइस, बॅरिश आणि थॉर्न यांना. रोनाल्ड ड्रेव्हर, ज्यांनी सुरुवातीपासून हे उभं केलं, ते त्याच वर्षी मार्चमध्ये वारले, आणि मरणोत्तर देत नाहीत.

---

घटप्रभा | १५ जानेवारी, सकाळी ९:००

बॅकबेंचर, ह्यावर ब्रेकथ्रूवाल्यांनी वेगळा मार्ग काढला. लायगोला (गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या त्या प्रकल्पाला) २०१६ मध्ये ३० लाख डॉलर दिले : १० लाख तिघा संस्थापकांना (ड्रेव्हर त्यात होते), २० लाख उरलेल्या १,०१२ जणांत. माणशी दोन हजार डॉलरही नाहीत, पण नाव आहे. त्यात आयुकाचे संजीव धुरंधर यांच्यासारखे आपले लोक होते, ज्यांनी गोंगाटातून असा क्षीण संकेत कसा वेगळा काढायचा यावर कित्येक वर्षं आधीपासून काम केलं होतं. २०२५ मध्ये तर सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या चार प्रयोगांवरच्या १३,५०८ जणांना मिळून एक पुरस्कार.

आणि लायगो-इंडिया हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला होतेय. मास्तर, आठव्या फलकाला हे घ्या. त्या पोरांतलं कुणीतरी तिथं नोकरीला लागेल एवढा वेळ हातात आहे.

---

तिरकस | १५ जानेवारी, सकाळी ९:४०

हजार जणांचा फलक कसा काढणार? फोटो कुणाचा लावणार?

---

घटप्रभा | १५ जानेवारी, सकाळी ९:४४

यंत्राचा. चार किलोमीटरच्या दोन नळ्या, काटकोनात. मैदानावर चुन्यानं प्रमाणात आखून घ्या.

---

खानापूरचा_मास्तर | १७ जानेवारी, रात्री ८:३०

दोन दिवस पोरांशी बसून ठरवलं. प्रत्येक फलकावर तीन गोष्टी : पदक कुठलं, काम काय, आणि त्या कामात कुणाचं नाव राहिलं. तिसरी ओळ तिरकसांच्या कृपेनं आली, त्याबद्दल त्यांना फुकट चहा.

क्रम असा : स्टीफन ग्रे. वितळवलेली, नव्हे, विरघळवलेली दोन पदकं (सोनारकाका, हिराकसाची पुडी मिळेल का? नुसती दाखवायला). रामन आणि कृष्णन एका फलकावर, खाली मॉस्कोवाले. बोस, पदकाच्या जागी रिकामं वर्तुळ. चंद्रशेखर : एकोणिसाव्या वर्षी बोटीवर विझत्या ताऱ्याच्या वजनाच्या मर्यादेचं गणित मांडलं, १९३५ मध्ये तेव्हाचे बडे खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी भर सभेत खिल्ली उडवली, नोबेल १९८३ मध्ये. बेल आणि कुलकर्णी एकाच फलकावर शेजारी-शेजारी, मधे दोरा बांधून. वू. नारळीकर. नववा कोंबलेला लायगो.

आइन्स्टाइन आणि क्युरी बाहेर राहिले. पोरांनीच मत दिलं, ते पुस्तकात आहेत म्हणून. घटप्रभाताई, क्युरींबद्दल रागावू नका.

आता रामन परिणाम दाखवायचा आहे. व्हिडिओवर बघितलं, ऑलिव्ह तेलात हिरवा लेझर सोडला की किरण तांबडा दिसतो. तेच करू का?

---

टिळकवाडीकर | १७ जानेवारी, रात्री ९:१५

करा, खरं त्याला रामन परिणाम म्हणू नका! ती प्रतिदीप्ती. तेलात उरलेलं हरितद्रव्य हिरवा प्रकाश शोषून तांबडा सोडतं. रामन विकिरण इतकं क्षीण की साधारण कोटीभर प्रकाशकणांत एखादाच रंग बदलून येतो. साध्या डोळ्याला तेलाच्या बाटलीत ते दिसणं शक्य नाही. रामन यांनी सूर्यप्रकाश भिंगानं एकवटून, गाळण्या लावून, काळोखात डोळे सरावून पाहिलं, आणि मग पाऱ्याच्या दिव्यावर वर्णपट घेतला.

मी काय म्हणतो, तेल दाखवाच आणि पोरांना विचारा, हे रामन नव्हे हे कसं ओळखाल? उत्तर : लेझरचा रंग बदलून बघा. प्रतिदीप्तीचा तांबडा आहे तिथंच राहील, रामनची रेषा लेझरबरोबर सरकेल. निळा-जांभळा लेझर माझ्याकडं आहे, विवर्तन जाळी (प्रकाशातले रंग वेगळे करणारी) आहे, आणि कॉलेजनं मोडीत काढलेला सोडियम दिवा मी दुरुस्त करून ठेवलाय. तिरकसांची तक्रारही मिटेल. लेझर पोरांच्या हातात द्यायचा नाही, किरण भिंतीकडं, डोळ्यांच्या उंचीखाली.

---

सोनारगल्ली_शहापूर | १७ जानेवारी, रात्री ९:४०

हिराकस देतो, पाव किलो. आम्लं मात्र शाळेत आणायची नाहीत. ती गोष्टच सांगा.

---

तिरकस | १७ जानेवारी, रात्री १०:०५

सर, जांबोटीला कशानं जाताय? माझी गाडी आहे. सोडियम दिव्याचा चोक मांडीवर घेऊन बसमधून जाऊ नका.

---

टिळकवाडीकर | १७ जानेवारी, रात्री १०:१२

२८ ला सकाळी सातला, आरपीडी क्रॉसला या.